गढूळ बरणी

"ह्या पोरीला खान्याचं भान न्हाई. येक दिस पडंल बघ. जरा ध्यान ठिव तिच्याकडं," असं सासूबाई मला म्हणाल्या होत्या.

मी तेव्हा ओमला भरवत होते. म्हणजे ओम तोंड फिरवत होता आणि मी चमचा घेऊन त्या तोंडामागे फिरत होते. मी म्हटलं, "आई, ती पीएचडी करतेय. तिला तिचं कळतं. मला एक लेकरू पुरे आहे सांभाळायला."

ती पोरगी म्हणजे गौतमी, आमच्या वरच्या खोलीतली भाडेकरू.

आमच्या चांदे गावात आता बहुतेक घरांवर खोल्या चढल्यात. हिंजवडीत नोकरी करणारी मुलं येतात, रात्रीपुरती झोपतात, जातात. गौतमी आली तेव्हा तिने खोली बघितलीच नाही. ती सरळ गोठ्यामागे गेली. सासऱ्यांनी विहीर खणली तेव्हा निघालेल्या दगडांचा ढीग अजून तिथे पडून आहे. त्या ढिगाशी ती उकिडवी बसली, एक काळा दगड उचलला, ओढणीने पुसला आणि चाटला.

सासूबाई माझ्या कानाशी लागल्या. "रेश्मा, दगड चाटती ती. हिला खोली द्यायची व्हय?"

"ओला केला की दगडाचे कण नीट दिसतात," गौतमी न बघताच म्हणाली. तिचे कान तिखट होते. "आजी, हा तुमच्या विहिरीतलाच ना?"

"आमच्याच. सुरुंग लावून काढलाय. तुला काय करायचाय?"

"पाण्यात घालायचाय."

"पाण्यातनंच तर काढला!"

गौतमी इतकी हसली की सासूबाईंनाही हसू आलं, आणि खोली दिली गेली.

तिला तोच दगड आणि त्याच विहिरीचं पाणी हवं होतं. पाणी डब्यात भरून पुण्याला नेलं की त्यातला वायू वाटेतच उडून जातो, म्हणून तिने प्रयोगच पाण्याजवळ आणला होता. पुण्याच्या संस्थेतून एक यंत्र आलं, फार मोठं नव्हे, मिक्सर ठेवायला लागते तेवढी जागा. त्याला एक वायर आणि वायरच्या टोकाला टायटॅनियमची बोटाएवढी दांडी. ती दांडी पाण्यात बुडवायची, बटण दाबायचं, की ती थरथरते आणि पाण्यात आवाज सोडते. डोळ्यांना हललेली दिसत नाही. सेकंदाला वीस हजार वेळा हललेलं काय दिसणार?

हे ऐकलं आणि मी ओमला उचलून कडेवर घेतलं. रांगतं मूल घरात, आणि वर हे.

"सोनोग्राफीत असतो तोच का हा आवाज?" मी विचारलं.

"जात तीच, वहिनी. तो अगदी नाजूक असतो, फक्त बघण्यापुरता. हा काम करणारा आहे." ती मला धीर देऊन गप्प बसली नाही. दुसऱ्या दिवशी आवाज मोजायचं मीटर घेऊन खाली आली, यंत्र वर चालू ठेवून. ओमच्या पाळण्यात मीटर धरलं, खिडकीशी धरलं, मी भांडी घासायला बसते तिथेही धरलं. "बघा. तुमचा मिक्सर ह्याच्या कितीतरी पुढे आहे." तरीही तिने यंत्राभोवती प्लायवूड आणि थर्माकोलची पेटी बांधली आणि पेटीजवळ जाताना स्वतः कानांवर मोठी झाकणं लावायची. त्या दांडीचा मूळ आवाज आपल्याला जेमतेम ऐकू येतो, पण त्यातून एक किंचाळी निघते ती दाढांपर्यंत जाते. गल्लीतली कुत्री मात्र यंत्र चालू झालं की आमच्या गच्चीकडे तोंड करून बसायची. त्यांना बरंच काही ऐकू येत असावं.

"मी वर असले की हाक मारू नका, ऐकू येणार नाही," तिने सांगून ठेवलं होतं. "समोर येऊन हात हलवा."

हे सगळं कशासाठी, ते तिने सासूबाईंना स्वयंपाकघरात, जात्याशेजारी बसून सांगितलं. आमच्याकडे जातं अजून आहे, मेतकुटापुरतं.

"आजी, जातं गुळगुळीत झालं की?"

"दळत न्हाई. टाकी लावून घ्यायची. टाकारी येतो, छिन्नीनं टोचून खरबरीत करतो."

"पाण्यातल्या दगडाचं तसंच होतं. पावसाचं पाणी हवेतला कार्बन डायऑक्साइड घेतं, जरासं आंबट होतं आणि दगड खायला लागतं. पण थोडं खाल्लं की दगडाच्या अंगावर एक पातळ साय धरते. खाण्यासारखं निघून गेलेलं, नुसता चोथा. त्या सायीतून पाण्याला आत जाता येत नाही. मग काम इतकं हळू चालतं की हजारो वर्षं लागतात."

"मंग?"

"मग मी आवाज सोडते. आवाजाने पाण्यात बारीक बुडबुडे होतात आणि फुटतात. दगडाच्या कणाजवळ फुटला तर पाण्याची सुई लागावी तसा फटका बसतो. ती साय निघते, कोरा दगड उघडा पडतो. पाणी पुन्हा खायला लागतं."

सासूबाईंनी जात्याच्या खुंट्यावर हात ठेवला. "म्हंजी पाण्याकडनं टाकी लावून घेतीस."

"आवाजाकडून."

"आन मंग पुढं?"

"दगडातून जे कॅल्शियम, मॅग्नेशियम सुटतं ते त्याच वायूला धरतं. दोघांचा मिळून पांढरा दगड होतो. धुराड्यातला वायू, आजी, कायमचा दगडात. परत हवेत जात नाही."

मी बी.कॉम. झालेली. रसायनशास्त्र बारावीनंतर कधी आठवलं नाही. पण त्या दुपारी मी खिडकीतून हिंजवडीच्या बाजूचं धुरकट आभाळ बघितलं आणि मग गोठ्यामागचा ढीग बघितला, ज्यावर आम्ही वर्षानुवर्षं गोवऱ्या वाळत घातल्या. हा दगड असं काही करू शकतो? आणि ही सावळी, चष्मा सारखा वर ढकलणारी पौडची मुलगी त्याला घाई करायला लावतेय? मला एकदम तिचं फार कौतुक वाटलं. खालून पाठवलेलं तिचं जेवणाचं ताट वर तसंच झाकलेलं राहतंय हेही मला दिसत होतं. कौतुकाच्या भरात मी ते तिच्या हुशारीच्या खात्यात टाकलं.

वर तीन बरण्या असायच्या. तिन्हींत विहिरीचं पाणी, त्यात वरून कार्बन डायऑक्साइड सोडलेला, आणि सारख्याच वजनाची दगडाची पूड. पहिली नुसती ठेवलेली. दुसरी एका छोट्या मोटारीवर फिरणारी. तिसरीत दांडी. पण आवाजाने पाणी तापतं, आणि तापलेलं पाणी दगड तसाही जास्त खातं. मग फरक आवाजाचा की उष्णतेचा, असं कुणी विचारलं तर? म्हणून ती तिसरी बरणी बर्फात ठेवायची आणि तिन्हींचं तापमान सारखं राखायची. आमच्या फ्रिजमध्ये भाजीला जागा उरली नव्हती, सगळा बर्फ.

"पेढ्याचा डबा बी भाईर काढला ह्या पोरीनं," सासूबाई म्हणायच्या आणि स्वतःच ट्रे भरून ठेवायच्या.

तिचे गाइड निरंजन सर शुक्रवारी येणार होते. कासारसाईजवळच्या एका बंद पडलेल्या खाणीत ह्याच प्रयोगाची मोठी टाकी बसवायची की नाही, ते हा निकाल बघून ठरवणार होते. नाही म्हणाले तर तिचं काम इथेच थांबणार होतं. संस्थेची मुदत संपत आली होती, आणि पिरंगुटच्या एका कारखान्यात पाणी तपासायची नोकरी तिने हातात धरून ठेवली होती. "वाईट नाही नोकरी," ती म्हणायची, आणि चष्मा वर ढकलायची.

बुधवारी सकाळी ती धावत खाली आली. "वहिनी, चला."

मी ओमला कडेवर घेऊन वर गेले. तिसरी बरणी, जी आवाजामुळे पूड फार बारीक होऊन राखेच्या पाण्यासारखी गढूळ झाली होती, जी आपोआप निवळावी म्हणून तिने दोन दिवस हलवलीही नव्हती, ती काचेसारखी स्वच्छ होती. तळाशी मऊ गाळ. तिने पाण्यात मीटर बुडवलं. पाण्यात जितकं जास्त विरघळलेलं, तितकी त्यातून वीज सहज जाते, आणि तो आकडा इतका वर गेला होता की मला टाळी वाजवावीशी वाटली. ओमने वाजवलीसुद्धा.

"झालं ना मग? खाण मिळाली!"

गौतमी टाळी वाजवत नव्हती. तिने दुसरं मीटर घातलं. काढलं, पुसलं, परत घातलं.

"विजेचा आकडा वर जायला हवा, तो गेलाय," ती हळूच म्हणाली. "पण दगड विरघळताना पाण्याचा आंबटपणा कमी होतो. इथे वाढलाय."

"मीटर बिघडलं असेल."

"पहिल्या दोन बरण्यांत बरोबर दाखवतंय."

तिच्या जागी मी असते तर पहिला आकडा लिहून दुसरं मीटर कपाटात टाकलं असतं. ती तशीच उभी राहिली, नको असलेल्या आकड्याकडे बघत, पाहुण्याला बसा म्हणावं तशी त्याला वेळ देत. तेवढ्यात सासूबाई चहा घेऊन आल्या. बरणी बघून त्यांचा चेहरा खुलला.

"निवळलं का न्हाई? मी म्हनलंच हुतं. काल तू पुन्याला गेलीस तवा तुरटी फिरवली. लई गढूळ झालं हुतं, बघवंना. येक खडा आतच सोडला, ऱ्हाऊ दे म्हनलं."

आमच्याकडे पावसाळ्यात हंड्यात तुरटी फिरवतात, सगळेच फिरवतात. गढूळ पाणी दिसलं की सासूबाईंचा हात आपोआप तुरटीकडे जातो, जसा माझा ओमच्या कपाळाकडे. पण तुरटी विरघळली की वीज सहज जाते आणि पाणी आंबट होतं. हे मला नंतर कळलं. त्या क्षणी फक्त गौतमीचा चेहरा कळला.

  चहाचे कप सासूबाईंच्या हातात तसेच.

"आजी," गौतमी म्हणाली, "किती वेढे फिरवलीत?"

"सात-आठ आसतील. का ग?"

"आणि बाकीच्या बरण्यांत?"

"त्या कुटं येवढ्या घान हुत्या!"

गौतमी हसायला लागली. पहिल्यांदा मला वाटलं रडतेय. "आजी, मी तीन महिने दगडाला म्हणतेय पाणी बदल, आणि तुम्ही एका खड्यात बदललंत." मग चष्मा काढून डोळे पुसले. "चूक माझी. बरणीवर चिठ्ठी लावली होती आकड्यांची. तुम्हाला नुसतं म्हणाले हात लावू नका. पाणी आपोआपच निवळायला हवं, ते का, हे सांगितलंच नाही."

सासूबाईंना आता उमगायला लागलं होतं. "म्हंजी... वाया गेलं?"

"हो."

"समदं?"

"ही बरणी."

"मंग सायबाला सांगू नगं की. पानी तर बरं दिसतंय."

"सांगणार," गौतमी म्हणाली. आवाज चढवला नाही, समजूतही घातली नाही. चहा घेतला, एका घोटात संपवला आणि विचारलं, "बर्फ किती आहे खाली?"

मला तेव्हा तिचं जे वाटलं ते अजून वाटतं. चार दिवसांचं काम दीड दिवसात होणार नव्हतं, निकाल छोटा येणार हे तिला माहीत होतं. तरी तिने छोटा खरा निकाल निवडला, आणि निवडताना तिला अर्धं मिनिटही लागलं नाही.

पुढचा दीड दिवस आमच्या घराने काय केलं ते सांगते. सासूबाई पदर खोचून गल्लीत निघाल्या. जयाच्या घरून बर्फाचे ट्रे, सगुणाबाईंच्या फ्रिजमधून आइस्क्रीमच्या डब्यात गोठवलेला एक ठोकळा, आयटीवाल्या पोरांकडून बर्फाची पिशवी. "कशाला ओ काकू?" पोरांनी विचारलं. "दगूड गार ठिवायचाय," ह्या म्हणाल्या, आणि पोरांनी पुढे काही विचारलं नाही. माझा नवरा किशोर शिफ्ट सुटल्यावर पिरंगुटवरून गाडीच्या मागे गोणपाटात गुंडाळलेली बर्फाची लादी बांधून आला, पाठ पूर्ण भिजलेली.

"लग्नाच्या वरातीला एवढा थंड नव्हतो," म्हणाला.

गौतमीने नवीन पूड तोलली, नव्या बरण्या भरल्या. यंत्र चालू, थांब, गार कर, चालू. ह्या वेळी पाणी निवळायची वाट बघायला वेळ नव्हता, म्हणून ती सिरिंजला लावलेल्या बारीक गाळणीतून एकेक थेंब काढत होती. गाळणी तुंबायची, ती बदलायची. पाठीमागे, दारात, सासूबाई पाटावर बसून पहारा देत होत्या. कुणी तुरटी घेऊन येतंय की काय म्हणून असावं.

गुरुवारी दुपारी मी ताट घेऊन वर गेले. आदल्या रात्रीचं ताट तिथेच होतं, भाकरी कडक. सासूबाई नेमक्या बर्फ आणायला खाली उतरल्या होत्या. गौतमी पाठमोरी, कानांवर झाकणं. मी हाक मारली. नुसती सवय. मग समोर जायला निघाले, तेवढ्यात ती टेबलाची कड धरून हळूहळू खाली बसायला लागली, चादर घसरावी तशी.

ताट मी कुठे टाकलं आठवत नाही. तिला भिंतीला टेकवलं, झाकणं काढली, यंत्राचं बटण बंद केलं. चेहरा पांढरा, कपाळ गार. सासूबाई आल्या, बर्फ तसाच टाकून खाली पळाल्या, ताकात साखर-मीठ घालून आणलं. "पी. समदं पी. बोलू नगंस." तिच्या दातांवर पेला वाजत होता.

"काल सकाळी चहा घेतला होता," गौतमी पुटपुटली, जणू ते जेवण होतं.

सासूबाईंनी माझ्याकडे बघितलं.  त्यांनी 'ध्यान ठिव' म्हटलेलं मला आठवलं.

"वहिनी, बर्फ वितळतोय, बरणी तापेल," ती उठायला लागली.

"बस तू," मी म्हटलं. "मला सांग काय बघायचंय."

थर्मामीटर बघायचा होता. हे मला येतं. ओमच्या प्रत्येक तापात मी हेच केलंय, पारा चढायच्या आधी कळतं मला. मी कानांवर तिची झाकणं चढवली, पेटीला असलेल्या काचेच्या चौकोनातून आत बघितलं, तिने खुणावल्यावर बटण दाबलं. जग गप्प झालं. दांडीच्या टोकाखाली पाण्यात एक धुरकट शेपटी उमटली, तिच्या आत अगणित बुडबुडे, जन्मतात आणि फुटतात, आणि काळी पूड त्यातून ढगासारखी वर उठते. ह्याच जातीच्या आवाजात मी ओमचं काळीज पहिल्यांदा लुकलुकताना पडद्यावर बघितलं होतं. आता तोच आमच्या विहिरीच्या दगडाची साल काढत होता. पारा अर्धा अंश चढला की बर्फ, उतरला की थांब. गौतमी भिंतीशी बसून पिठलं-भाकरी खात होती आणि प्रत्येक घासानंतर मला बोटाने खूण करत होती, चालू, बंद. संध्याकाळ होईपर्यंत आम्ही तशाच होतो.

शुक्रवारी निरंजन सर आले. उंच, कमी बोलणारे. गौतमीने तुरटीची बरणी फेकली नव्हती, ती पहिली समोर ठेवली आणि काय झालं ते जसंच्या तसं सांगितलं. सासूबाई दाराआड उभ्या, पदर तोंडाशी. मग तिने नव्या तीन बरण्या ठेवल्या. आवाजवाल्या बरणीचा आकडा बाकीच्यांपेक्षा स्पष्ट जास्त होता, पण डोळे दिपवणारा नव्हता. आंबटपणा मात्र उतरला होता, उतरायला हवा तसा, आणि तापमान तिन्हींचं एक.

सरांनी दोन्ही आवाजवाल्या बरण्या शेजारीशेजारी धरल्या, एक नितळ, एक राखाडी. 

"हा आंबटपणा तू आधी पकडलास, की आजींनी आधी सांगितलं?"

"आधी मीटरने सांगितलं. कारण आजींनी."

"बरं," ते म्हणाले, आणि राखाडी बरणी खाली ठेवली, जपून. "खाणीतल्या टाकीवर कुणाला येऊ देऊ नकोस."

सासूबाई दाराआडून म्हणाल्या, "तुरटी आता घरात ठिवीतच न्हाई साहेब," आणि सर पहिल्यांदा हसले.

तर गौतमी आता खाणीवर आहे. कासारसाईच्या धरणाकडे जाताना डाव्या हाताला बंद खाण लागते, तिथे निळ्या पत्र्याची शेड आहे. टाकी मोठी, आवाज मोठा, आणि ती दिवसभर एकटी. खाणीच्या खड्ड्यात फोनला रेंज नाही. संध्याकाळी रस्त्यावर येऊन ती एक मिस्ड कॉल द्यायची, परवापासून तो आलेला नाही. ओमच्या अंगावर गोवर उठलाय, मी उंबऱ्याबाहेर पडू शकत नाही. किशोरची ह्या आठवड्यात डबल शिफ्ट आहे, आणि सासूबाईंचे गुडघे त्या चढाला नाही म्हणतात. कदाचित काही नसेल, चार्जर विसरली असेल, आकड्यांत बुडाली असेल. पण आता मी "तिला कळतं" असं म्हणत नाही.

हे वाचणाऱ्या तुमच्यातले बरेच जण रविवारी त्या धरणावर फिरायला जाता. जाताना एवढं करा. शेडपाशी थांबा. बाहेरून हाक मारू नका, तिला ऐकू येणार नाही. आत जाऊन तिच्या समोर उभे राहा, हात हलवा. ती झाकणं काढील, चष्मा वर ढकलेल आणि तुम्हाला टाकी दाखवायला लागेल. टाकी बघा, बघण्यासारखीच आहे. पण आधी विचारा, जेवलीस का. ती हो म्हणेल. तेवढ्यावर विश्वास ठेवू नका, डबा उघडून बघा. आणि मला कळवा.